धर्मशिक्षणाचा तास आणि पालकाची संमती
(उपासक-उपासिकांपुढे दिलेले व्याख्यान)



धर्मांतर केलेल्या कुटुंबांतील पालक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. ‘शाळेत दुसऱ्या धर्माचे पाठ देतात. मुलाला बसवावे तर मनाला पटत नाही; उठवावे तर तो एकटा पडतो. कायदा काय सांगतो?’ हाच पेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा आला होता. ती हकीकत आपण प्रथम ऐकावी.

सरकारी शाळांतील मुलांना शाळेच्या वेळात धर्मशिक्षणासाठी मोकळे सोडण्याची पद्धत तेथे १९१४ साली इंडियाना राज्यातील गॅरी शहरात सुरू झाली. पुढे इलिनॉय राज्यातील शँपेन येथे धर्मशिक्षक शाळेच्या इमारतीतच येऊन शिकवू लागले. व्हाश्टी मॅकॉलम या मातेने संमती नाकारली, तेव्हा तिच्या मुलाला वर्गाबाहेर एकटे बसावे लागले. तिने दावा लावला. १९४८ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ठरविले की, सरकारी इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाची यंत्रणा धर्मशिक्षणासाठी राबविणे घटनाविरुद्ध आहे.

न्यूयॉर्कमध्ये मात्र पालकांच्या लेखी विनंतीवरून मुले आठवड्यातून एक तास शाळेबाहेर धर्मस्थानी जात. बाकीची शाळेतच थांबत. १९५२ साली ही पद्धत सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरली. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्नमतपत्रिकेत बजावले की, अशाने न जाणाऱ्या मुलासाठी शाळा तात्पुरता तुरुंगच बनते. बहुमताचा विजय झाला. पण एकट्या मुलाचे दुःख या न्यायमूर्तींनी ओळखले, हे विसरू नका.

आता आपल्या घटनेकडे वळू. कलम २८ प्रमाणे, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन झालेल्या व सरकार केवळ चालवीत असलेल्या ज्या संस्थेत धर्मशिक्षण आवश्यक ठरविलेले असेल, तिचा अपवाद आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षण किंवा उपासना असली, तरी अज्ञान मुलाच्या पालकाने संमती दिल्यावाचून त्याला तीत भाग घ्यावयास लावता येत नाही. म्हणजे नकाराची कारणे देण्याचा भार आपणावर नाही. संमती मिळविण्याचा भार शाळेवर आहे.

परंतु धर्मशिक्षण निराळे आणि धर्मांविषयीचे ज्ञान निराळे. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या धर्माचा धडा आला म्हणून मुलाला वर्गातून उठवू नका. ज्ञानाला बौद्धाने कधी भिऊ नये.

मग करावयाचे काय? मुख्याध्यापकांना सभ्य भाषेत, तारखेसह पत्र लिहा: ‘माझ्या पाल्याने धर्मशिक्षणात व उपासनेत भाग घेण्यास माझी संमती नाही, त्या वेळी त्याला वाचनाचे वा अन्य अभ्यासाचे काम द्यावे.’ प्रतीवर पोच घ्या. मुलालाही समजावून सांगा की, बाहेर बसणे ही शिक्षा नव्हे.

शेवटी एक गोष्ट स्वतःलाच सांगू. उद्या आपल्या संस्थेच्या शाळेत बुद्धवंदना होईल. तेथे परधर्मीय मूल असेल, तर त्याच्या मातापित्यांची संमती आपणही विचारली पाहिजे. जो हक्क आपण मागतो, तो दुसऱ्याला देण्यातच त्याची खरी किंमत आहे.

जय भीम!