चार्जिंग केंद्रावरचा पहिला थांबा



वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव लहान. परंतु त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजेच पूर्वीचा क्रमांक ७, येथे पोहोचतो आणि वाट दुभंगते. एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे, तर दुसरा वरोऱ्यामार्गे चंद्रपूरकडे जातो. अशा नाक्यावर प्रवासी थांबतो, चहा घेतो, चाकात हवा भरतो. विजेवर चालणारी मोटार घेऊन येणारा प्रवासी मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : येथे चार्जिंग होईल काय?

पेट्रोल पंपावर नळी हाती घेऊन माणूस उभा असतो. चार्जिंग केंद्रावर पुष्कळदा कोणीच नसते. म्हणून तेथील पहिल्या थांब्याची तयारी घरूनच करावी लागते.

प्रथम हिशेब समजून घेणे इष्ट. मोटारीची बॅटरी ४० युनिटची आहे असे धरले, तर ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्यास २४ युनिट वीज लागते. घरातील १५ अँपियरच्या सॉकेटवर या कामास सात-आठ तास लागतात. जलद यंत्र ३० किलोवॉटचे असेल तर सुमारे एक तास, आणि ६० किलोवॉटचे असून गाडीची क्षमताही तितकी असेल तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो. ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी वेग आपोआप मंदावतो. तेव्हा पुढचे ठिकाण टप्प्यात असेल, तर तेथेच थांबून मागच्या वाहनास जागा देणे हे शहाणपणाचे आणि सौजन्याचेही ठरते.

निघण्यापूर्वी वाटेवरील केंद्रे पाहून ठेवावीत. याकरिता केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ‘ईव्ही यात्रा’ हे ॲप १४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. ज्या कंपनीचे यंत्र वापरावयाचे, तिचे ॲप घेऊन नोंदणी घरीच उरकावी. भर उन्हात, मोबाइलला रेंज नसताना ते काम होत नाही. बॅटरी अगदी संपत आणून केंद्र गाठू नये. ते बंद निघाल्यास दुसरे गाठण्याइतकी शिल्लक हवी.

केंद्रावर गाडी बंद करून प्लग घट्ट बसवावा, मग ॲपवरून चार्जिंग सुरू करावे आणि पडद्यावर आकडे हलू लागल्याखेरीज जागा सोडू नये. यंत्र सुरू न झाल्यास प्लग काढून पुन्हा बसवावा. तरीही न झाल्यास यंत्रावरील दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. काम संपल्यावर आधी चार्जिंग थांबवावे, गाडीचे कुलूप उघडावे, नंतरच प्लग ओढावा. कुलूप लागलेल्या गाडीतून प्लग निघत नाही, आणि नवखा मनुष्य तेथेच घाबरतो. केबल जमिनीवर न टाकता जागी अडकवावी. तुटलेल्या केबलला हात लावू नये.

विदर्भाला या विषयाचा जुना अनुभव आहे. मे २०१७ मध्ये नागपुरात विजेवरील टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच वर्षी तेथील एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्रही उघडले. परंतु केंद्रे थोडी आणि रांगा मोठ्या, यामुळे काही चालक पुन्हा जुन्या इंधनाच्या गाड्यांकडे वळले. गाडी उत्तम असूनही थांबा सोयीचा नसेल तर विश्वास उडतो, हा त्याचा धडा होय.

शासनाचे धोरण या दिशेने स्पष्ट आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार्जिंग केंद्रासाठी वीज परवान्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षाच्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरवर केंद्र असावे, असे म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानेही महामार्गांसाठी हेच अंतर उद्दिष्ट म्हणून ठेवले आहे.

तथापि अंतर मोजून यंत्रे बसविल्याने काम पुरे होत नाही. ६० किलोवॉटचे एक यंत्र पाच अश्वशक्तीच्या सुमारे सोळा कृषिपंपांइतकी वीज मागते. म्हणून जागा सुचविताना ग्रामपंचायतीने महावितरणशी रोहित्राच्या क्षमतेचा विचारविनिमय आधी करावा. अन्यथा शिवारातील ओलिताला झळ पोहोचेल आणि गावाच्या मनात या यंत्राबद्दल अढी बसेल. केंद्रावर सावलीचे छप्पर, रात्री दिवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. वापराच्या पायऱ्या सांगणारा मराठी फलक शाळेतील शिक्षक सहज लिहून देऊ शकतील. गावातील एका तरुणास यंत्राची माहिती करून दिली, तर अडलेल्या कुटुंबाला मदतीचा हात मिळेल.

यात गावाचाही लाभ आहे. पेट्रोल भरणारा पाच मिनिटांत निघून जातो. चार्जिंग करणारा अर्धा-पाऊण तास थांबतो. त्या वेळात महिला बचत गटाची झुणका-भाकर खपेल, घरगुती पापड-लोणची विकली जातील. मात्र यंत्र बंद पडून राहिले, तर तोच प्रवासी पुढच्या वेळी न थांबता निघून जाईल. यंत्र कंपनीचे असले तरी नाव गावाचे होते, हे जामसारख्या प्रत्येक नाक्यावरील पंचायतीने ध्यानी ठेवावे.