उन्हाळा, घाट आणि मोटारीचें तेल

चैत्र-वैशाखांत पुण्याचा पारा चाळिशीला जाऊन भिडला, म्हणजे मोटार बाळगणाऱ्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : उन्हाळा आहे, तेव्हां एंजिनांत तेल जरा जाड घालावें काय? साध्या मोटारीच्या बाबतींत उत्तर थोडें चुकलें तरी एंजिन निभावून नेतें. सुपरचार्जर बसविलेल्या वेगवान मोटारीला मात्र तेवढी सवड नसते. तेथें तेलाची निवड चुकली, तर एंजिन बांधून घेण्याचा खर्च पदरीं येतो. आणि तेंही बहुधा घाटाच्या एखाद्या आडवळणावर.

जाड तेलाचा सल्ला निराधार आहे असें मात्र नव्हे. एके काळीं तो पूर्णपणें खरा होता. सुपरचार्जर म्हणजे एंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा आणि सिलिंडरांत हवा दडपून भरणारा पंप. तो कांहीं आजचा नाहीं. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्याकरितां १९३५ सालीं तयार झालेली ड्यूसेनबर्ग एसजे ही मोटार सुपरचार्जरचीच होती. या जातीच्या एंजिनाची शक्ति तिच्या निर्मात्यांनीं ३२० अश्वशक्ति सांगितली होती. त्या काळचें तेल एकाच श्रेणीचें असे. थंडींत तें काकवीसारखें घट्ट होई आणि उष्णतेनें फार पातळ पडे. म्हणून ऋतु पालटला कीं तेलही पालटावें लागे. पुढें १९५० नंतर दोन्ही ऋतूंना चालणारीं बहुश्रेणी तेलें हळूहळू प्रचारांत आलीं. तेल बदललें, सल्ला मात्र जुनाच राहिला.

तेल एंजिनांत काय करतें, हें बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगांवरून उत्तम समजतें. १८८३ च्या सुमारास तो आगगाडीच्या आंसांच्या बेअरिंगांचा अभ्यास करीत होता. बेअरिंगाच्या माथ्यावर त्यानें एक भोंक पाडलें, तों त्यांतून तेल उसळून बाहेर येऊं लागलें. बूच मारलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटींत ओढतो, तेथें तेलाचा दाब चढतो, आणि त्या दाबावर सारा भार तोलला जातो. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनल्ड्स यानें याचें गणित मांडलें. त्याचें सार असें कीं, तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, आणि फिरण्याचा वेग वाढला कीं थर जाड होतो. भार वाढला कीं तो पातळ होतो. तो थर तुटला, कीं धातूवर धातु घासली जाते.

आतां डब्यावरील अक्षरें पाहूं. "५डब्ल्यू-४०" यांतील डब्ल्यू हें हिंवाळ्याचें चिन्ह आहे. त्याच्या अलीकडचा अंक गार तेल किती सहज वाहतें तें सांगतो; पलीकडचा अंक तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. अमेरिकेंतील एसएई या संस्थेच्या प्रमाणाप्रमाणें १०० अंश सेंटिग्रेडला ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३, आणि ५० ची १६.३ ते २१.९ असते. म्हणून "०डब्ल्यू" तेल उन्हाळ्यांत फार पातळ पडेल, ही भीति व्यर्थ होय. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० हीं दोन्ही तेलें १०० अंशांना एकाच पट्ट्यांत येतात. पुण्यासारख्या ठिकाणीं विचार करावयाचा तो दुसऱ्या अंकाचा.

हवेच्या उष्णतेचा या अंकाशीं संबंध किती? रेडिएटर आपलें काम करूं शकतो तोंवर थर्मोस्टॅट एंजिनाचें पाणी ९० अंशांच्या आसपासच ठेवतो, मग बाहेर २५ अंश असोत कीं ४०. तेल त्याहून अधिक तापतें. पण तें मुख्यतः एंजिनावरच्या भारानें. येथेंच सुपरचार्जरची गोष्ट निराळी होते. हवा दाबली कीं ती तापते. चाळीस अंशांची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत दाबली, तर निर्दोष पंपांतही ती सुमारें ७८ अंशांवर जाते. प्रत्यक्षांतील पंपांत याहूनही वर. मधल्या शीतकांत ती निववितात, पण त्या शीतकालाही वारा लागतो. अधिक हवा म्हणजे अधिक पेट्रोल, अधिक पेट्रोल म्हणजे दट्ट्यावर अधिक जोर. तो जोर अखेर बेअरिंगांतील तेलाच्या थरावरच येतो.

हे सर्व योग ताम्हिणीच्या घाटांत एकत्र येतात. मुळशीच्या जलाशयाच्या बाजूनें ताम्हिणीवरून जाणारा हा रस्ता विळ्याला कोकणांत उतरतो. पावसाळ्यांतील धबधब्यांसाठीं त्याची ख्याति आहे. परंतु एंजिनाची कसोटी लागते ती वैशाखांतल्या दुपारीं विळ्याहून वर चढतांना. वळणें नागमोडी, त्यामुळें वेग थोडा. वेग थोडा म्हणून शीतकाला वारा थोडा. आणि चढ असल्यामुळें भार मात्र मोठा. अशा वेळीं वरच्या गिअरमध्यें एंजिन मंद फिरवीत जोर मागणें हें सर्वांत घातक. फेरे कमी आणि भार अधिक म्हणजे तेलाचा थर अत्यंत पातळ. शिवाय थेट इंजेक्शनच्या एंजिनांत अशा स्थितींत मिश्रण ठिणगीच्या आधींच पेट घेण्याचा संभव असतो. एपीआयच्या २०२० सालच्या "एसपी" प्रतीच्या तेलांना या दोषाविरुद्धच्या कसोटींतून जावें लागतें. खालचा गिअर घालून एंजिनाला मोकळेपणीं फिरूं देणें हें तेलाच्या निवडीइतकेंच महत्त्वाचें आहे.

मग सरळ ६० चें तेल कां घालूं नये? कारण दाट तेलाचें स्वतःचें घर्षण अधिक असतें आणि त्या घर्षणानेंच तें तापतें. अरुंद वाटांतून तें सावकाश वाहतें. पंपाचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं झडप उघडते आणि तेल बेअरिंगांकडे जाण्याऐवजीं तळाच्या पात्रांत परत येतें. दाबाचा काटा अशा वेळीं उंच असतो व मालकाला समाधान वाटतें. पण तो काटा दाब दाखवितो, किती तेल पोंचलें तें दाखवीत नाहीं.

तेव्हां निवडीचा मार्ग असा. प्रथम मोटारीबरोबरची पुस्तिका उघडावी. तींत ३० आणि ४० अशा दोन्ही श्रेणी मान्य असतील, तर उन्हाळ्यांतील घाटासाठीं ४० घ्यावी. एकच श्रेणी सांगितली असेल, तर तीच पाळावी. दुसरें, १५० अंशांना जोराच्या घुसळणींत मोजलेल्या दाटपणाचा आंकडा पाहावा. एसीईए ए३/बी४ या युरोपीय प्रतीच्या तेलाला तो निदान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो. बेअरिंगांतील खरी स्थिति याच आंकड्याला जवळची आहे. अर्थात् ही प्रतही पुस्तिकेला मान्य असली पाहिजे. तिसरें, चांगलें संश्लेषित तेल घ्यावें. तें उष्णतेनें कमी उडून जातें आणि दट्ट्याच्या कड्यांवर काजळी कमी धरूं देतें.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ सुपरचार्जरांच्या दांतेरी चाकांना स्वतःचें निराळें तेल असतें. त्यांत एंजिनाचें तेल कदापि घालूं नये.

घाटाला निघण्यापूर्वीं मोटार सपाट जागीं उभी करून पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल, तर जोराच्या वळणावर तें पात्राच्या एका बाजूस जातें आणि पंप हवा ओढूं लागतो. तसेंच पेट्रोल मिसळून व सततच्या घुसळणीनें तेल कालांतरानें पातळ होतें. म्हणून कष्टाच्या वापरांत तें ठराविक मुदतीच्या आधींच बदलावें. जुनें झालेलें ५० श्रेणीचें तेल ताज्या ४० पेक्षां भरंवशाचें असेलच असें नाहीं. वर्षांतून एकदां जाड तेल घालून निश्चिंत होण्याचे दिवस होळकरांच्या ड्यूसेनबर्गबरोबर सरले. आजच्या मालकाला पुस्तिका, पट्टी आणि तेलाच्या उष्णतेचा काटा या तिहींवरच नजर ठेवावी लागते.