सहा पायांचे शेजारी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्यभर नोटा मोजल्या, आज पाय मोजूया. सहा पाय आणि अंगाचे डोके, छाती, पोट असे तीन भाग असले की तो कीटक. हा हिशेब पूर्ण वाढ झालेल्या कीटकाचा बरं का! कोळ्याला आठ पाय, म्हणून तो यात बसत नाही. गोमेचं तर नावच काढू नका.

आजवर सुमारे दहा लाख जातींच्या कीटकांची नोंद झाली आहे. एवढी खाती सांभाळायची तर लेजर नीट हवं. ते बरंचसं पंखांवरून लावलंय. भुंग्याचे पुढचे पंख टणक, ढालीसारखे. फुलपाखरू नि पतंगाच्या पंखांवर बारीक खवले. बोटाला लागते ती पूड म्हणजे तेच. माशी आणि डासाला उडायला दोनच पंख.

हे सगळं मी पुस्तकात नाही, उसात शिकलो. आपण इथं राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता आपल्या जिल्ह्यातही पसरला. मी तेव्हा शेतीकर्जं बघायचो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पान उलटं करून दाखवलं. खाली पांढरी लोकर, खालची पानं काजळी धरलेली. "सायेब, ह्यो कापूस न्हवं, किडा हाय. आता हप्ता कुठनं भरू सांगा." मला काय सांगता येणार?

माव्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, तीही थेट जिवंत. म्हणून वाढ चक्रवाढ व्याजासारखी! लोकांनी औषधं मारली. पण त्याच पानांवर डिफा नावाच्या पतंगाची अळी मावा खात होती. फवाऱ्यात तीही मेली. पुढं शास्त्रज्ञांनी सांगितल्यावर डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक मुद्दाम उसात सोडले गेले, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

म्हणूनच बागेवर दरमहा सरसकट फवारणी करायच्या ठरावाला मी हात वर केला नव्हता. काहींना राग आला, येऊ दे.

पण एक कबुली द्यायची आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीला डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात होती, प्लेटलेट्सचा आकडा बघायचं धाडस होत नव्हतं. मी धूर फवारणारे आले नाहीत म्हणून गेटवर आवाज चढवला. घरी येऊन फ्रिजमागचा ट्रे ओढला, तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या! जगाला कीटक शिकवणारा मी, आणि डास पाळले होते माझ्याच स्वयंपाकघरात.

धुरानं उडणारा डास मरतो. पाण्यातली अळी तशीच राहते. अंडं, अळी, कोष आणि डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. दर रविवारी कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजचा ट्रे. बालमित्रांनो, टॉर्च घेऊन आधी माझ्याच घरी या. नात दार उघडेल.