टाळेबंदी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकन काँग्रेसमधील पक्षसंघर्षाचा विषय निघाला की आपल्याकडे अध्यक्षांच्या स्वभावाचीच चर्चा होते. अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी या नात्याने मी तिजोरीकडे पाहतो. विनियोजन विधेयके संमत न झाल्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून संघ सरकारचा बराचसा कारभार ४३ दिवस बंद राहिला. तोवरच्या इतिहासातील ही सर्वांत दीर्घ टाळेबंदी. टाळेबंदी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. गिरणीला टाळे लागते तेव्हा मालक उपाशी राहत नाही; येथेही काँग्रेसच्या सदस्यांचे वेतन चालूच होते. लाखो कर्मचारी मात्र बिनपगारी घरी बसले किंवा बिनपगारी राबले. त्यांना मागाहून पगार देण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे; कंत्राटी सफाई कामगाराला ती लागू नाही. सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांचे नोव्हेंबरचे अन्नसाहाय्य अडचणीत आले.

वाद होता आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील वाढीव सवलतीचा. तिची मुदत २०२५ अखेर संपत होती. ती वाढवा, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा आग्रह. आधी कारभार सुरू करा, मग बोलू, ही रिपब्लिकनांची भूमिका. सिनेटच्या १०० जागांपैकी ५३ रिपब्लिकनांकडे. पण चर्चा आवरती घेण्यास ६० मते लागतात. हा दंडक राज्यघटनेत नाही, तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे. याच नियमाच्या बळावर अल्पमतातील पक्षाने कोंडी केली. अखेर विरोधी गटातील ८ जणांनी माघार घेतली. बदल्यात मिळाले ते केवळ मतदानाचे आश्वासन. डिसेंबरमध्ये मतदान झाले. सवलतीच्या बाजूने ५१, विरुद्ध ४८. बहुमत होते, तरीही ६० च्या नियमाने प्रस्ताव पडला!

आपले काही मित्र हा नियम अल्पमताचे कवच मानतात. मला ते पटत नाही. दक्षिणेतील सिनेटरांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची विधेयके दशकानुदशके याच हत्याराने रोखली. नकाराधिकाराचा लाभ ज्याला काहीच घडू नये असे वाटते त्यालाच होतो. श्रीमंताचे शासनावाचून अडत नाही. गरिबाला मात्र शासनाने काही केल्याशिवाय गत्यंतर नसते.

आपल्या संसदीय पद्धतीत अनुदानाची मागणी फेटाळली गेली तर मंत्रिमंडळाला जावे लागते. कारकुनाचा पगार थांबत नाही. ही व्यवस्था निश्चितच अधिक न्याय्य आहे. पण म्हणून आपण फुशारकी मारू नये. २०२३ साली आपल्या लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना संमत केल्या. तेथे वादापायी तिजोरी बंद पडते, येथे वादावाचून ती उघडते. दोन्हीकडे जनतेच्या पैशाचा हिशोब जनतेसमोर होत नाही. तो मागणे हे आपले काम आहे.