चंद्र धरणाऱ्यांचें गांव

दक्षिण फ्रान्सचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें निळा समुद्र, ताडांच्या रांगा आणि श्रीमंत लोकांचे हवेशीर बंगले उभे राहतात. आज ज्या गांवाची ओळख मी आपणांस करून देणार आहें तेथें यांपैकीं फारसें कांहीं आढळणार नाहीं. ल्युनेल हें गांव माँपेलिए आणि नीम या दोन शहरांच्या मध्यें, आगगाडीच्या रस्त्यावर वसलेलें आहे. लोकवस्ती सुमारें २६,०००. सकाळीं येथील फलाटावर जी माणसें उभीं असतात त्यांतील बरीचशीं माँपेलिएच्या कचेऱ्यांत, इस्पितळांत आणि दुकानांत कामाला जाणारीं. अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आंतलें, आणि गाडीचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. पोट एका गांवीं आणि पथारी दुसऱ्या गांवीं, हा संसार आपणांसहि अपरिचित नाहीं.

प्रवासी मार्गदर्शक पुस्तकांत अशा गांवाला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. माझ्या मतें हा अन्याय आहे.

ल्युनेलच्या रहिवाशांना त्या प्रांतांत 'पेस्कालून' म्हणतात. पेस्कालून म्हणजे चंद्राची मासेमारी करणारा. पाण्यांत पडलेला चंद्र पाहून येथील लोक तो धरावयास टोपली घेऊन गेले, आणि त्या टोपलीला बूडच नव्हतें, अशी कथा सांगतात. शेजारच्या गांवांनीं थट्टेनें दिलेलें हें नांव ल्युनेलकरांनीं आतां अभिमानानें धारण केलें आहे. फ्रेंच भाषेंत चंद्राला 'ल्यून' म्हणतात, आणि गांवाच्या नांवांत तोच चंद्र आहे असें मानण्याची चाल जुनी आहे. इतकी जुनी कीं, मध्ययुगांतील येथील यहुदी पंडित हिब्रू भाषेंतील चंद्रवाचक शब्दावरून आपणांस 'यार्ही' म्हणजे 'चंद्रपूरकर' म्हणवीत असत.

या पंडितांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण बाराव्या शतकांत ल्युनेल हें यूरोपांतील यहुदी विद्येचें एक मोठें पीठ होतें. तुदेलाचा बेंजामिन हा प्रसिद्ध प्रवासी ११६० नंतरच्या दशकांत येथून गेला. दूरदूरच्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना येथें शिक्षण तर मिळेच, परंतु ते शिकत असेपर्यंत त्यांचें अन्नवस्त्रहि गांवांतील यहुदी समाज चालवी, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. ग्रानाडाहून आलेल्या यहूदा इब्न तिब्बोन यानें येथें बसून अरबी ग्रंथांचीं हिब्रू भाषांतरें केलीं, आणि त्याचा पुत्र सॅम्युएल यानें मायमोनिडीज या थोर तत्त्वज्ञाच्या मुख्य ग्रंथाचें भाषांतर १२०४ सालीं पुरें केलें. मायमोनिडीज त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कैरोस निवर्तला. भाषांतर पुरें होऊन तेव्हां जेमतेम दोन आठवडे लोटले होते.

याच ल्युनेलच्या पंडितांना मायमोनिडीजनें १२०० च्या सुमारास एक पत्र लिहिलें होतें. जगांत ठिकठिकाणीं धर्मज्ञान कसें क्षीण होत चाललें आहे हें सांगतांना त्यांत तो एका वाक्यांत हिंदुस्थानापर्यंत येतो. तेथील यहुद्यांना लिखित धर्मशास्त्र ठाऊक नाहीं, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशीं मुलाची सुंता करतात, एवढाच काय तो त्यांचा धर्म, असा त्या वाक्याचा आशय. आतां कोंकणांतील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक आपणां सर्वांना परिचित आहेत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मायमोनिडीजचा उल्लेख याच लोकांस उद्देशून असावा असें कित्येक अभ्यासकांनीं म्हटलें आहे. इतरांना तें पटत नाहीं. परंतु कोंकणच्या किनाऱ्याची वार्ता, ती तशी असेल तर, आठशें वर्षांपूर्वीं कैरोहून निघून या आडवळणाच्या फ्रेंच गांवीं पोहोंचली होती, ही कल्पनाच मोठी मोहक आहे.

१३०६ सालीं फ्रान्सच्या राजानें, चौथ्या फिलिपनें, आपल्या राज्यांतून यहुद्यांना हांकून दिलें. ल्युनेलची विद्यापीठाची कीर्ति तेथेंच संपली.

गांवापासून थोड्या अंतरावर व्हिदूर्ल नांवाची नदी वाहते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत गुडघाभर पाणी असतें. पाहणाऱ्यास वाटावें कीं हिला कोण भितो? परंतु सेवेन पर्वतांत शरद् ऋतूचा मोठा पाऊस कोसळला कीं कांहीं तासांत ही नदी रौद्ररूप धारण करते. तिच्या पुराला त्या लोकांनीं 'व्हिदूर्लाद' असें स्वतंत्र नांवच दिलें आहे. रोमन लोकांनीं आंब्रुसम येथें तिच्यावर अकरा कमानींचा दगडी पूल बांधला होता. इटलीहून स्पेनकडे जाणारा त्यांचा हमरस्ता त्यावरून जात असे. १८५७ सालीं कूर्बे या चित्रकारानें त्या पुलाचें चित्र काढलें तेव्हां दोन कमानी उभ्या होत्या. १९३३ च्या पुरांत त्यांतील एक गेली. आज नदीच्या मधोमध एकच कमान, दोन्हीं बाजूंनीं कांहीं नसतांना, उभी आहे. २००२ सालच्या सप्टेंबरांतील पुरानें नदीचे बांध फोडले, खालच्या अंगाचीं गांवें पाण्यांत गेलीं, आणि शेजारच्या गार जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर बांध वाढविण्याचें आणि मजबूत करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. मैदानांत नवीं घरें बांधीत सुटलेल्या गांवाला नदीचा हा स्वभाव विसरणें परवडणारें नाहीं.

आगगाडी १८४५ च्या सुमारास आली. तीपूर्वीं माल समुद्रालगतच्या खाजणाकडे नेण्यासाठीं अठराव्या शतकांत खणलेला एक कालवा होता. द्राक्षें आणि मस्कत जातीचें गोड मद्य ही येथील जुनी संपत्ति. मूकपटांच्या काळांत 'फांतोमास' आणि 'ले व्हांपीर' या रहस्यमालिकांनीं जगाला वेड लावणारा लुई फयाद हा येथेंच १८७३ सालीं जन्मला. मेदार नांवाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानें आयुष्यभर जमविलेलीं सुमारें ५,००० पुस्तकें आपल्या या जन्मगांवास देऊन टाकलीं, आणि त्यांसाठीं आज तेथें एक ग्रंथसंग्रहालय आहे. लहान गांवाच्या मानानें ही मिळकत थोडी नव्हे.

१९६० नंतर गांव झपाट्यानें वाढलें. वस्ती दुपटीहून अधिक झाली. माँपेलिएंत घर परवडत नाहीं म्हणून नोकरदार आले. द्राक्षमळ्यांत आणि फळबागांत राबण्यासाठीं मोरोक्कोहून मजूर आले, आणि त्यांचीं मुलेंबाळें येथेंच वाढलीं. जुन्या पेठेंतील बरींच घरें जीर्ण झालीं. सकाळच्या गाडीनें जाणाऱ्याला गांवांतील दुकानाची गरज उरत नाहीं, आणि ज्याला गाडी धरावयाची नाहीं त्याला काम मिळत नाहीं. बेकारीचें प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट झालें.

२०१३ आणि २०१४ या वर्षांत या गांवांतून सुमारें वीस तरुण सिरियाच्या युद्धांत सामील होण्यासाठीं निघून गेले. त्यांतील निदान सहा मारले गेले. साऱ्या फ्रान्सचे वार्ताहर ल्युनेलांत येऊन उतरले, आणि 'जिहाद्यांचें गांव' हें नवें नांव गांवाला चिकटलें. २०१८ सालीं पॅरिसच्या न्यायालयांत या प्रकरणीं पांच जणांवर खटला चालला. कोणी गरिबीला दोष दिला, कोणी मशिदीला, कोणी नगरपालिकेला. मला या कारणांपैकीं कोणतेंहि एक पुरेसें वाटत नाहीं. तितकींच गरीब गांवें त्या प्रांतांत आणखीहि आहेत, आणि तेथून इतके तरुण गेले नाहींत. एकमेकांना ओळखणारे कांहीं मित्र एकामागून एक गेले, ही साधी गोष्ट मला त्या साऱ्या मीमांसेपेक्षां अधिक विचार करावयास लावते.

या प्रांताचा खरा उत्सव बैलांचा. कामार्गच्या दलदलींत वाढलेले काळे, तीक्ष्ण शिंगांचे बैल रिंगणांत सोडतात. शुभ्र कपडे घातलेले तरुण धांवत जाऊन, हातांतील लहानशा आंकड्यानें, शिंगांमध्यें बांधलेला फुलोरा आणि शिंगांवरील दोरे ओढून काढतात. स्पेनप्रमाणें येथें बैलाला मारीत नाहींत. खेळ संपला कीं तो आपल्या कळपाकडे परत जातो, पुढल्या वर्षीं पुन्हा येतो, आणि जाहिरातींत त्याचें नांव माणसांपेक्षां मोठ्या अक्षरांत छापतात. जवळच्या ल कायलार या गांवीं १९३३ सालीं मेलेल्या 'सांग्लिए' नांवाच्या बैलाची समाधि आहे. या धांवपटूंना रासेतर म्हणतात. गेल्या कांहीं दशकांत त्यांच्या अव्वल फळींत उत्तर आफ्रिकेहून आलेल्या कुटुंबांतील तरुण मोठ्या संख्येनें दिसतात. साब्री अलुआनी यानें तर त्या खेळांतील सर्वांत मानाचें पारितोषिक अनेक वेळां मिळविलें. रिंगणाच्या बांकांवर बसणारे जुने द्राक्षमळेवाले बैलाच्या नांवाखालोखाल ज्यांचीं नांवें पुकारतात, त्यांत त्याचें नांव होतें.