देव कामाला लागतो

अभंग ऐकायलाही शिकावं लागतं, असं कुणी म्हटलं तर आपल्याला नवल वाटेल. पहाटे रेडिओवर भीमसेन जोशींची अभंगवाणी लागते, आषाढात वारीच्या वाटेवर टाळमृदंग घुमतो, आणि सूर इतका भरून येतो की शब्द त्याच्यामागे कुठल्या कुठे निघून जातात. आज या शब्दांकडे थोडं निगुतीनं पाहू. त्यासाठी तुकोबांचा एकच अभंग घेऊ : भगवंताला उच्चनीच ठाऊक नाही, भाव दिसला की तो तिथेच उभा राहतो, अशा अर्थानं सुरू होणारा. अपुऱ्या, चुकलेल्या माणसांवर देव दया करतो, ही श्रद्धा जगात अनेक ठिकाणी आहे. वारकरी अभंगानं त्या दयेला दिलेलं रूप मात्र खास त्याचं आहे. इथे देव भक्ताशेजारी येऊन बसतो आणि त्याचं अर्धं काम स्वतः करू लागतो. हे तुकोबा नुसतं सांगत नाहीत, अभंगाच्या घडणीतच ते बसवतात. म्हणून हा अभंग घडण ओळखून ऐकायचा.

ही घडण साधी आहे. हा ‘मोठा अभंग’ या छंदातला आहे, आणि त्याच्या प्रत्येक चौकात, म्हणजे कडव्यात, चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. तीन चरण सारख्या लांबीचे आले की कान चौथ्यालाही तेवढीच लांबी मनात धरतो, आणि चौथा दोन अक्षरं आधीच संपतो. त्या अचानक थांबण्यामुळे चौथ्या चरणातला शब्द ठसतो. आता या आखूड जागी तुकोबा काय ठेवतात ते पाहा. एका चौकात कबिराच्या मागावर शेले विणणं, दुसऱ्यात सावता माळ्याच्या मळ्यात खुरपणं, तिसऱ्यात चोखामेळ्याबरोबर मेलेली ढोरं ओढणं, आणखी एकात धर्मराजाच्या घरी पाणी वाहणं नि झाडलोट करणं. देवाचं काम असं चौकाच्या शेवटी येऊन पडतं. दयाळू, कृपाळू अशी विशेषणं इथे जवळजवळ भेटतच नाहीत. क्रियापदं मात्र एकामागून एक येतात : रंगवणं, फुंकणं, वेचणं, हाकणं, वळणं, फेडणं. देव चांगला आहे असं म्हणण्याऐवजी कवी त्याच्या हाताला काय लागलं आहे ते दाखवतो. रोहिदासाच्या कुंडातलं चामडं, जनाबाईच्या ओटीतल्या गोवऱ्या.

यमकाकडेही कान द्यायला हवा, कारण या अभंगातली सर्वांत धीट गोष्ट यमकात आहे. सजन कसायाच्या दुकानात देव मांस विकू लागतो, असं तुकोबा म्हणतात. माळ घातलेल्या, मांसाला न शिवणाऱ्या वारकऱ्यांच्या मेळ्यात हे म्हटलं गेलं आहे, हे विसरून चालणार नाही. सजनानं आधी धंदा सोडावा, मग देव येईल, असा क्रम इथे नाही. आणि त्या ‘मांस’ शब्दाशी यमक कुणाचं? ‘सावत्यास’. अरणच्या मळ्यात भाजी पिकवणारा सावतोबा आणि सुरी चालवणारा कसाई एकाच चौकात, यमकानं एकमेकांना बांधलेले. पुढच्याच चौकात नरहरी सोनाराची फुंकणी आणि चोखोबांची ढोरं अशीच जोडली आहेत. गावानं ज्यांची घरं एकमेकांपासून लांब ठेवली त्यांना कवितेनं दोन चरणांत शेजारी बसवलं. म्हणताना जीभ एका शब्दावरून दुसऱ्यावर सहज घसरते आणि तो शेजार आपल्याला पटूनही जातो.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं : चांभार, विणकर, महार असणं हा काय अपुरेपणा झाला? मुळीच नाही. समाजानं लादलेलं खालचेपण आणि माणसाच्या हातून घडलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करणारं निरूपण ऐकताना सावध राहावं. अभंगात दोन्ही प्रकारची माणसं आहेत, पण दोघांकडे जाणाऱ्या देवाचं वागणं एकच आहे. कथा आठवून पाहा. नरहरी सोनार हट्टी शैव, विठ्ठलाचं तोंड पाहायला नको म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून मूर्तीच्या कमरेचं माप घेणारा. गोरोबा कुंभार भजनात इतके हरवले की चिखल तुडवताना पायाखाली आपलंच मूल आलं ते त्यांना कळलं नाही. ही कथा परंपरेनं झाकून ठेवली नाही. भक्तीतही माणूस भयंकर चुकू शकतो, हे तिनं उघड सांगितलं. आणि तुकोबा गोरोबांचं नाव घेतात तेव्हा देवाला कोणतं काम देतात? माती वाहण्याचं. जिथे अनर्थ घडला त्याच मातीला देव हात लावतो. नरहरीच्या बाबतीतही तसंच : ज्या कारागिरीच्या आडोशानं त्यानं तोंड फिरवलं, त्याच भट्टीपाशी देव फुंकर घालत बसतो. चूक जिथे झाली तिथेच मदत येते. या अभंगातली मला सर्वांत खोल वाटणारी कल्पना ती हीच.

दुसरा आक्षेप जुना आहे. देव इतका सोपा असेल तर पाप स्वस्त होईल, चुका करा आणि नाम घ्या. याचं उत्तर तुकोबांच्या गाथेतच आहे, कारण ढोंगी साधूंवर त्यांच्याइतके कडक शब्द मराठीत फार थोड्यांनी वापरले असतील. अपुरा माणूस आणि आपला अपुरेपणा लपवणारा माणूस यांच्यात ते काटेकोर फरक करतात. स्वतःबद्दल बोलताना तर ते काहीच झाकत नाहीत. आपली कथा सांगणाऱ्या अभंगात दुष्काळ येतो, द्रव्य आणि मान गेल्याचं येतं, बायको अन्न अन्न करत गेली हे येतं, धंद्यात तोटा आल्याचं येतं, आणि सुरुवातीला कीर्तन करताना अभ्यासात चित्त नव्हतं ही कबुलीही येते. सतराव्या शतकात, 1630च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात, पोळलेला माणूस बोलतो आहे. सगळेच संत स्वतःला पतित म्हणतात, तो एक साचा आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे तपशील पाहावेत. साच्यातून दुकानाचा तोटा निघत नाही. आणि ज्याला दया मिळाली त्याचे हात मोकळे होतात, असंही परंपरा सांगते : धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. पाप स्वस्त झालं असतं तर खतं जपून ठेवली गेली असती.

तिसरा आक्षेप मात्र सहज सुटणारा नाही. देव चोखोबांबरोबर ढोरं ओढतो म्हणता, मग चोखोबा देवळाबाहेर का राहिले? मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून 1338 साली ते गेले, आणि पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेरच आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा आपल्या अभंगांत देवालाच जाब विचारतो, आणि तो जाब परंपरेनं जपला आहे. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. या इतिहासासमोर देवाचा चांगुलपणा गाणं हे नुसतं समाधान करून घेणं ठरेल काय? मला वाटतं, अभंग नीट ऐकला तर उलटं घडतं. तुकोबांच्या या अभंगात देव देवळात जवळजवळ दिसतच नाही. तो कुंडापाशी, मागापाशी, भट्टीपाशी, शेतात आणि ढोरांमागे आहे. ज्याला दारात अडवलं त्याच्याकडे देव स्वतः गेला, असं म्हणणं म्हणजे अडवणाऱ्यांविरुद्ध दिलेली साक्षच. ती साक्ष शतकानुशतकं कीर्तनात गायली गेली आणि तरी दार बंद राहिलं, हा दोष ऐकणाऱ्यांचा. ज्या ओळी टाळ वाजवत म्हटल्या त्यांचा अर्थ मनावर घेतला गेला नाही.

म्हणून कीर्तनात हा अभंग लागला तर थोडं सावरून बसा. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेऊन उभा राहतो, एकेक चरण सोडवतो, दुसऱ्या संतांची प्रमाणं देतो, आणि प्रमाण सुरू झालं की मागे अर्धवर्तुळात उभे असलेले टाळकरी ते उचलतात. प्रत्येक चौकाच्या शेवटच्या चार अक्षरांवर मृदंग कसा येतो ते पाहा, तिथेच देवाचं काम ऐकू येईल. मग शेवटच्या चौकाकडे या. इतका वेळ विणणारा, खुरपणारा, ओढणारा देव तिथे पुंडलिकासाठी नुसता उभा आहे, अजूनही. पुंडलिक कोण? कथेप्रमाणे आधी आईबापांना छळणारा मुलगा, पुढे त्यांच्या सेवेत इतका गुंतलेला की दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवून त्यानं त्याला थांबायला सांगितलं. इतरांच्या हातातलं काम देवानं वाटून घेतलं. पुंडलिकाच्या हातात आईबापांचे पाय होते, आणि ते काम त्याचं त्यालाच करायचं होतं, देवानं उचलून चालणार नव्हतं. म्हणून तिथे देव हात लावत नाही, थांबतो.