माडाचा अदृश्य शत्रू आणि गावाची दक्षता

कोकणातील बागायतदाराला माडाचे शत्रू ओळखीचे आहेत. गेंडा भुंगा कोंब पोखरतो, सोंड्या भुंगा खोडात शिरतो, पावसाळ्यात कोंब कुजतो. या सर्वांची खूण डोळ्यांना दिसते आणि त्यावर इलाजही करता येतो. परंतु माडाला होणारे काही रोग असे आहेत की, त्यांचे कारण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येत नाही आणि लक्षण दिसू लागेपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते. अशा रोगांनी केरळमध्ये आणि सातासमुद्रापलीकडे जमैका बेटावर जे घडविले, त्यापासून माड लावणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने बोध घेण्यासारखा आहे.

केरळचा अनुभव

1882 साली त्रावणकोर संस्थानात मोठा महापूर आला. त्यानंतर मीनचिल तालुक्यातील ईराट्टुपेट्टा या गावच्या माडांवर एक विचित्र रोग दिसू लागला. झावळीच्या पाती ताठपणा गमावून आत वळू लागल्या आणि झावळी बरगड्यांच्या पिंजऱ्यासारखी दिसू लागली. पुढे पाती पिवळ्या पडल्या, कडा करपल्या, मुळे कुजली आणि फळे घटत गेली. स्थानिक लोकांनी या रोगाला ‘काट्टुवीळ्च’ हे नाव दिले. त्यात ‘काट्टु’ म्हणजे वारा. शास्त्रज्ञांनी त्याला ‘रूट विल्ट’, म्हणजे मुळांची मर, असे म्हटले. कायमकुळम येथे या रोगाच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र उभे राहिले. बुरशी, जिवाणू, सूत्रकृमी, विषाणू, जमिनीतील अन्नद्रव्यांची उणीव अशा एकेका कारणाचा शोध घेण्यात आला. खरे कारण हाती येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या रोगाचा विशेष असा की, तो माडाला सहसा मारीत नाही. रोगट माड वर्षानुवर्षे उभा राहतो आणि थोडेफार नारळही देतो. म्हणूनच तो तोडण्यास मालकाचा हात धजत नाही. ज्या झाडावर घरातील तेलमिठाचा खर्च चालतो, ते उभे झाड केवळ पाती वाकल्या म्हणून कोण तोडील? परंतु हेच झाड शेजारच्या निरोगी माडांना रोग पुरवीत राहते. 1984-85 च्या सुमारास केरळमधील रोगग्रस्त जिल्ह्यांची पाहणी झाली, तेव्हा वर्षाकाठी सुमारे 96 कोटी 80 लाख नारळांचे नुकसान होत असल्याचा अंदाज काढण्यात आला. पुढे तमिळनाडूच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतही हा रोग पोहोचला.

रोगाचे मूळ कारण

1967 साली जपानमधील शास्त्रज्ञांनी रोगट तुतीच्या अन्नवाहिन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म जीव पाहिले. या जिवांना जिवाणूंसारखी पेशीभित्ती नसते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक द्रव्यावर ते वाढत नाहीत. वनस्पतीचा अन्नरस किंवा तो शोषणाऱ्या किड्याचे शरीर, एवढेच त्यांचे वसतिस्थान. पुढे त्यांना ‘फायटोप्लाझ्मा’ हे नाव मिळाले. 1972 साली जमैकातील माडांत आणि 1983 साली केरळच्या रोगट माडांत हे जीव आढळून आले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही हे जीव अगदी परके नाहीत. उसाचे बेट गवतासारख्या बारीक, पांढुरक्या फुटव्यांनी भरून जाते, त्या ‘गवताळ वाढ’ रोगाचे कारण हेच आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बेलापूर परिसरात 1949 साली त्याची नोंद झाली होती. वांग्याची पाने बारीक होऊन झाडाला फळ न धरणे आणि तिळाच्या फुलांच्या जागी हिरव्या पानांचे गुच्छ येणे, हेही याच वर्गातील रोग होत. केरळमधील सुपारीचा पिवळ्या पानांचा रोगदेखील त्यांतच मोडतो.

किड्याची भूमिका

हे जीव एका झाडातून दुसऱ्या झाडात आपण होऊन जाऊ शकत नाहीत. रस शोषणारा किडा रोगट झावळीवर बसला की रसाबरोबर ते त्याच्या पोटात जातात. तेथे त्यांची वाढ होते आणि काही काळाने ते त्याच्या लाळेत उतरतात. त्यानंतर तो किडा ज्या निरोगी झाडाचा रस घेईल, त्याला रोगाची लागण होऊ शकते. केरळच्या मूळमर रोगाचा प्रसार जाळीदार पंखांचा एक चिमुकला ढेकण्या आणि एक प्रकारचा तुडतुडा यांच्याकडून होतो, असे प्रयोगांती दिसून आले. लागण झाल्यानंतर कित्येक महिने माड वरून निरोगीच दिसतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा रोग हा नेहमीच जुना रोग असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जमैकाचा धडा

जमैकात या वर्गातील जो रोग आहे, त्याचे नावच ‘प्राणघातक पिवळेपणा’ असे आहे. प्रथम लहानमोठी सारी फळे गळून पडतात. नव्या पोयी काळ्या पडतात. खालच्या झावळ्यांपासून पिवळेपणा वर चढतो आणि तीन ते सहा महिन्यांत शेंडा गळून विजेच्या खांबासारखे बोडके खोड तेवढे उरते. बेटाच्या पश्चिम भागात हा रोग एकोणिसाव्या शतकापासून होता. 1961 साली तो पूर्वेकडील मुख्य नारळपट्ट्यात शिरला आणि त्याने लक्षावधी माडांचा बळी घेतला. अमेरिकेतील फ्लोरिडात तो 1955 साली की वेस्ट येथे आणि 1971 साली मायामीत प्रकटला. तेथे खजुरासह ताडवर्गातील इतर अनेक जातीही त्याला बळी पडल्या.

जमैकाने मलायी ठेंगू आणि पनामा उंच या जातींचा संकर करून ‘मेपॅन’ वाण तयार केला व त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली. काही दशके तो तगला. परंतु 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तोही मोठ्या संख्येने मरू लागला. एकाच वाणावर सारी भिस्त ठेवणे सुरक्षित नाही, हे यावरून सिद्ध झाले. याच काळात पूर्व जमैकातील एका बागायतदाराने निराळा मार्ग अवलंबिला. दर आठवड्यास प्रत्येक माडाची पाहणी करावयाची, पहिले लक्षण दिसताच झाड तोडून जाळावयाचे, त्या जागी नवे रोप लावावयाचे, तण काढून खत वेळेवर द्यावयाचे, असा त्याचा नेम होता. आसपासच्या बागा ओस पडल्या असताना त्याची बाग टिकून राहिली. खोडात टेट्रासायक्लिन वर्गातील औषध टोचल्यास लक्षणे काही काळ मागे हटतात, पण ते दर काही महिन्यांनी टोचत राहावे लागते. शोभेच्या झाडाला हा खर्च परवडेल, बागायतीला नव्हे.

कर्तव्याची दिशा

केरळमध्ये आज दोन प्रकारचे धोरण सुचविले जाते. जेथे रोग नुकताच पोहोचला आहे, तेथे प्रत्येक रोगट माड विनाविलंब काढून टाकावा. जेथे तो सर्वत्र पसरला आहे, तेथे वर्षाला दहापेक्षा कमी नारळ देणारे माड तोडावेत, उरलेल्यांना समतोल खते व मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, आळ्यात हिरवळीचे खत घ्यावे आणि रोगाला तोंड देणाऱ्या ‘कल्परक्षा’, ‘कल्पश्री’ यांसारख्या वाणांची नवी लागवड करावी.

कोकणातील गावांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. रोपे कोणत्या भागातून आली याची चौकशी केल्याशिवाय ती घेऊ नयेत. कृषी विद्यापीठाच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या रोपवाटिकांना प्राधान्य द्यावे. रोगग्रस्त प्रदेशातून रोपे किंवा हिरव्या झावळ्या आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर किडे येऊ शकतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शाळेभोवतीच्या माडांचे निरीक्षण करण्यास शिकवावे. पिवळी पडलेली प्रत्येक झावळी म्हणजे हा रोग नव्हे. पाणी साचणे, खताची कमतरता किंवा भुंग्याचा उपद्रव हीही कारणे असतात. म्हणून संशय येताच स्वतः निर्णय न घेता कृषी अधिकाऱ्यास कळवावे. आणि झाड तोडणे खरोखरीच आवश्यक ठरले, तर त्या कुटुंबावर एकट्याने तोटा सोसण्याची पाळी येऊ नये. नव्या रोपाची व आंतरपिकाची सोय त्याला प्रथम मिळावी, यासाठी पंचायतीने पुढाकार घ्यावा.

तुडतुड्याला बांध ठाऊक नसतो. एका वाडीत राखलेला रोगट माड सबंध गावाच्या वाड्यांना धोका ठरतो. उलट, एका घराने वेळीच दिलेली खबर शेकडो माड वाचवू शकते. केरळने हे ज्ञान शंभर वर्षांची किंमत मोजून मिळविले आहे. इतर गावांना ते विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचा उपयोग मात्र पहिला माड पिवळा पडण्यापूर्वी झाला पाहिजे.